कामथडीच्या थांब्यावर श्रावणी सोमवार

श्रावणमास लागला की पुण्यासारख्या महानगरातील भाविक कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : एका दिवसात जाऊन येण्याजोगे, उपवासाला झेपणारे आणि खिशाला परवडणारे शिवस्थान कोणते? ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांना आमच्या उत्तराची फारशी गरज नाही. स्वारगेटच्या फलाटावर उभे राहून ज्यांना लाल गाडीची वाट पाहावयाची आहे, त्यांच्याकरिता हे चार शब्द आहेत. आणि मोटार असूनही ती एक दिवस घरी ठेवावी, असे ज्यांना पटविता येईल त्यांच्याकरिताही.

आमचे वास्तव्य कृष्णाकाठी वाईस. कीर्तनसेवेच्या निमित्ताने गेली चाळीस वर्षे पुणे-सातारा रस्ता आमच्या नित्य परिचयाचा. पेटी, झांजा, पगडी आणि उपरण्याचे गाठोडे घेऊन या रस्त्याने किती वेळा गेलो-आलो याची गणती नाही. (पेटीचे तिकीट निराळे काढावे लागे, आणि ते न्याय्यच होते, जागा तीही अडवीतच असे.) पुण्याहून निघून कात्रजचा घाट ओलांडला, खेड शिवापूर मागे पडले, नसरापूरचा फाटा गेला, की कापूरहोळच्या अलीकडे कामथडी हे गाव लागते. भोर तालुक्यातील हे गाव महामार्गावरच आहे, म्हणूनच ते कोणाच्या ध्यानात येत नाही. जलद गाड्या येथे थांबत नाहीत, आणि मोटारीतील माणसास पाटी वाचून होईपर्यंत गाव मागे पडलेले असते.

आम्हांस मात्र या गावाच्या नावाचे कौतुक वाटत आले आहे. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेचा काठ तो भीमथडी, हे आपण जाणतोच. इकडे संस्कृतात तीर्थ हा शब्द तरून जाणे या अर्थाच्या तॄ धातूपासून झाला. तीर्थाचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे जेथून पलीकडे जाता येते ती जागा. काठ आणि उतार यांचे नाते सांगावयास पंडिताची आवश्यकता नाही. आणि खरोखरच, कामथडीच्या आसपासच्या दोन-तीन फाट्यांवरून जितक्या देवस्थानांकडे वाटा फुटतात, तितक्या पुण्याच्या दक्षिणेस दुसरीकडे क्वचितच फुटत असतील.

पहिली वाट नसरापूर फाट्यावरून पश्चिमेस बनेश्वरास जाते. शिवगंगेच्या काठी, दाट झाडीत वसलेले हे देवालय नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास बांधविले. समोरच्या कुंडांत जिवंत पाणी आहे, मासे आहेत. येथील घंटा मात्र मुद्दाम पाहावी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या स्वारीनंतर पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिरांतील ज्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत आल्या, त्यांतील ही एक. तिच्यावर क्रूसाची खूण आहे. एका धर्माच्या उपासनेसाठी ओतलेले धातूचे पात्र दुसऱ्या धर्माच्या उपासनेत अडीचशेहून अधिक वर्षे निनादत आहे, यावर आम्ही एकदा पूर्वरंगात तासभर बोललो होतो. श्रोत्यांस ते रुचले की नाही, हे देव जाणे. हाच रस्ता पुढे वेल्ह्यास जातो. तोरणा आणि राजगड पोटात घेऊन बसलेल्या या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला.

दुसरी वाट कापूरहोळावरून पूर्वेस, पुरंदरच्या पायथ्याशी असलेल्या नारायणपुरास जाते. तेथील नारायणेश्वराचे प्राचीन पाषाणमंदिर आणि एकमुखी दत्ताचे स्थान सर्वश्रुत आहे. पौर्णिमेस तेथे गर्दी फार, म्हणून वृद्धांनी तो दिवस टाळावा. मात्र कापूरहोळात उतरल्यावर लगेच पुढे पळू नये. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना ज्या माउलीने आपले दूध दिले, ती धाराऊ गाडे याच कापूरहोळची. मातृत्वाचे असे तीर्थ वाटेत असता त्यास दोन क्षण हात जोडावयास काय हरकत आहे?

तिसरी वाट भोरची. वाटेत भाटघरचे धरण लागते. १९२८ मध्ये पुरे झालेली ही दगडी भिंत श्रावणातील पावसात पाहण्यासारखी असते. भोरास पंतसचिवांचा राजवाडा आहे, आणि भोरच्या पुढे आंबवड्यास नागेश्वराचे देवालय, १९३६ चा झुलता पूल व सचिव घराण्याचे मूळपुरुष शंकराजी नारायण यांची समाधी आहे. आंबवड्याहून मांढरदेवीचा घाट चढून आमच्या वाईस उतरता येते. पण तो एका दिवसाचा बेत नव्हे, निदान उपवासाच्या दिवसाचा तर नव्हेच.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वीच्या एका श्रावणी सोमवारी पुण्याकडे जाणाऱ्या साध्या गाडीत आम्ही बसलो होतो. कामथडीच्या थांब्यावर एक वृद्ध बाई चढल्या. हातात फडक्यात बांधलेली बेलाची पाने व मुगाची शिवामूठ. शिवामूठ सुनेची होती. सून लावणीला गेली होती, तिच्या वतीने या निघाल्या होत्या. आमची पगडी पाहून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बुवा, यष्टी चुकली म्हंजे आमचा सोमवार बी चुकला." सुनेची शिवामूठ सासूने वाहिलेली चालते का, असेही त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, "बाई, भाव तिचा आणि पाय तुमचे, शंकर भोळा आहे, तो हिशेब ठेवीत नाही." नसरापूर फाट्यावर त्या उतरल्या. देव जेमतेम काही कोसांवर, परंतु गुडघे चालेनात; मध्ये गाडी होती म्हणून देव भेटला.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचा महिमा आला आहे. तेथे ऋषी असे सांगतात की यज्ञाला द्रव्य लागते, साहित्य लागते, माणसे लागतात. दरिद्री मनुष्यास तो घडत नाही. तीर्थगमन मात्र त्यालाही घडते, आणि त्याचे फळ यज्ञाहून अधिक आहे. म्हणजे यात्रा हा गरिबाचा यज्ञ होय. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी तर यात्रेसाठी वाहन वापरावे की नाही याचीही चर्चा केली आहे, आणि वाहनाने फळ उणे होते असे वचन त्यांत येते. त्या न्यायाने एस. टी.त बसणारेही थोडे उणेच. पण जे वाहन चारचौघांचे आहे, ज्यात म्हातारीला उठून जागा द्यावी लागते, त्यात थोडी तपश्चर्या आपोआप घडते, असे आमचे नम्र मत आहे.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास गेली. तेव्हापासून खेड्यातील माणसाचा बाजार, शाळा, दवाखाना आणि देव ही सारी या गाडीच्या दोरीला बांधलेली आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, तेव्हा ही दोरी तुटली म्हणजे काय होते ते गावोगाव दिसले. त्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना विनामूल्य, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. पण सवलत असून गाडीच नसेल, तर ती सवलत कोणाच्या कामाची? महामंडळाच्या भाषेत भारमान नावाचा एक शब्द आहे. गाडी किती भरली याचे ते माप. ते घसरले की फेरीवर गंडांतर येते. शहरातील सुखवस्तू भाविक जेव्हा चार आसनांच्या मोटारीत दोघे बसून बनेश्वरास जातात, तेव्हा साध्या गाडीची दोन आसने रिकामी राहतात, आणि त्या रिकाम्या आसनांचा भार शेवटी कामथडीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या म्हातारीच्या गुडघ्यांवर पडतो. हे आम्हांस कटू वाटते, म्हणून स्पष्ट लिहिले.

ज्यांना जावयाचे आहे त्यांनी असे करावे. सकाळी लवकर स्वारगेटहून भोरकडे किंवा वेल्ह्याकडे जाणारी साधी गाडी धरावी. जलद गाडीत बसल्यास ती फाट्यावर थांबेल की नाही हे वाहकास आधी विचारावे. फाट्यापासून नसरापूर गाव आणि गावातून बनेश्वर अशी तासाभराची चाल आहे. न झेपल्यास वडाप मिळते. छत्री, कोरडे उपरणे आणि भगर किंवा राजगिऱ्याचा डबा बरोबर असावा. बेल घरूनच न्यावा. देवळाजवळच्या झाडांना त्या दिवशी ओरबाडू नये. शिवामुठीचा क्रम तांदूळ, तीळ, मूग, जव असा, आणि पाचवा सोमवार आल्यास सातू. श्रावणी सोमवारचा उपवास सायंकाळी सोडावयाचा, तेव्हा दुपारच्या आत दर्शन उरकून परतीची वेळ फाट्यावर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवावी, आणि महामार्ग ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाताना लहान मुलांचा हात सोडू नये.