टकटक बंद झाल्यावर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या स्टुडिओचा पहिला नियम असा, की खालच्या यंत्रमागांना सुट्टी असेल त्याच रात्री गळा रेकॉर्ड करायचा. एरवी खोलीच्या जमिनीतून मागांचा धमधमाट वर येतो आणि माईक तो उचलतो. भिंतींना सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या आहेत. "चादर वरचा आवाज पिते," स्टुडिओ चालवणारे संगीत संयोजक म्हणाले, "खालच्या घुमाऱ्याला तिचा काही अडथळा नाही. त्याला जाड भिंत लागते, मध्ये पोकळी लागते. तेवढे पैसे आले की करीन."

आषाढीला तीन आठवडे होते. मंगळवेढ्याकडचे एक बुवा चोखोबांचा अभंग रेकॉर्ड करायला आले होते. सोबत पखवाज वाजवणारा पुतण्या आणि टाळ धरायला दोघे जण. पुतण्याने आल्याआल्या कणीक मागितली. ती मळून त्याने पखवाजाच्या डाव्या पुडीवर थापली, ठोकून पाहिली, बोटभर काढली, पुन्हा ठोकली. स्वर मनासारखा लागेपर्यंत अर्धा तास गेला. मग एसी बंद, पंखाही बंद. जूनच्या उकाड्यात सात माणसं घाम पुसत गप्प बसली.

बुवांच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात क्लिक सोडला. क्लिक म्हणजे एकसारखी टकटक, जिच्यावर सगळी वाद्यं नंतर बसवता येतात. बुवांनी दोन ओळी म्हटल्या आणि हेडफोन काढून ठेवला.

"हे टकटक बंद कर की बाळा. पखवाज असताना याचं काय काम?"

"बंद करतो, बुवा."

हे दोन शब्द किती महाग पडतात, ते मी पुढच्या चार तासांत पाहिलं. क्लिक नसेल तर लय माणसाच्या श्वासावर चालते. बुवांनी अभंग सुरू केला तेव्हा मिनिटाला सत्तरच्या आसपास ठोके होते. शेवटच्या गजराला पोहोचेपर्यंत नव्वदीला टेकले. भजनात लय अशी चढतेच, तोच त्यातला जीव आहे. पण नंतर बासरी आणि व्हायोलिन बसवायचं तर संगणकाला प्रत्येक आवर्तनाची सम दाखवून द्यावी लागते. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा संपल्या की एक खूण, पुन्हा आठ, पुन्हा खूण. संयोजक पहाटेपर्यंत त्या खुणा करत बसले. बिदागी मात्र ठरली तेवढीच.

त्यानंतर सुरांची दुरुस्ती. हल्ली एका कळीत सगळा गळा सरळ करता येतो. पण बुवा गंधारावर जो हेलकावा देतात, तो यंत्राला चूक वाटतो. कळ दाबली की हेलकावा जातो आणि उरतो तो कुणाचाही गळा. संयोजकांनी अख्ख्या अभंगात फक्त दोन जागा सुधारल्या, दोन्हीकडे बुवांचा श्वास कमी पडला होता. तिसऱ्या एका ठिकाणी ओळीआधी त्यांनी घेतलेला श्वास मोठ्याने ऐकू येत होता. तो काढावा का, यावर संयोजक बराच वेळ थांबले आणि पुढे गेले. मला वाटतं, या धंद्यात टिकणं म्हणतात ते इथे ठरतं. काय काढायचं, हे दोन वर्षांत शिकता येतं. काय ठेवायचं, हे कळायला त्यांना बावीस वर्षं लागली, असं ते स्वतः सांगतात.

आता लोक त्यांना म्युझिक प्रोड्युसर म्हणतात. पूर्वी याच कामाला संगीत संयोजन म्हणत. अनिल मोहिले यांचं नाव मराठीत या कामासाठी आदराने घेतलं जातं. अरुण पौडवाल यांच्यासोबत 'अनिल-अरुण' या जोडनावाने त्यांनी 'अष्टविनायक' (१९७९) चित्रपटाला संगीत दिलं, तसंच इतरांच्या कितीतरी चालींना वाद्यमेळाचं अंग दिलं. कॉपीराइट कायद्यात मात्र या कामाला वेगळी जागा नाही. ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणून कायदा मानतो तो ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला वाटा कागदावर सही करूनही सोडून देता येत नाही. रात्रभर खुणा करणारा संयोजक त्या वाक्यात कुठेच नाही. म्हणून ते रेकॉर्डिंगच्या आधी एक पानी करार पुढे ठेवतात. बुवांच्या करारात लिहिलं होतं: शब्द संत चोखामेळा, चाल बुवांची, संयोजन अमुक, मुद्रणाची मालकी दोघांची निम्मी निम्मी. चाल आपली म्हणून कागदावर लिहिलेली बुवांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी ते पान दोनदा वाचून घेतलं.

पोटाचं गणित इथे पंचांगावर चालतं. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, फेब्रुवारीत शिवजयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, मग आषाढी, गणपती, नवरात्र आणि कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेली गर्दी. प्रत्येकाला नवं गाणं हवं आणि तेही आठवडाभरात. शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारं, त्यामुळे एकाच महिन्यात चारही भाषांची गाणी येतात. मिरवणुकीसाठीचं मास्टर, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत, वेगळं करावं लागतं. मोठ्या स्पीकरवर छाती हलवणारा खालचा ठोका मोबाईलच्या इवल्या स्पीकरमधून उमटतच नाही. तिथे गाणं पेलते ती हलगीची कडकडीत थाप.

ती हलगी ते तयार ध्वनिसंग्रहातून घेत नाहीत. कामं कमी असलेल्या दिवसांत वादकाला बोलावतात. गच्चीवर कागद पेटवून हलगी शेकायची, चामडं ताणलं की धावत खाली यायचं, एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्यात लांब पातळ काडी, आणि चामडं सैल पडायच्या आत चार-पाच ठेके वाजवून घ्यायचे. मग पुन्हा गच्ची. अशा शेकडो थापा त्यांच्याकडे साठल्या आहेत, प्रत्येकीवर वादकाचं नाव आणि तारीख. त्या दोन वेगवेगळ्या डिस्कवर असतात, कारण एकदा एकच डिस्क होती आणि ती बंद पडली तेव्हा तीन वर्षांचं काम गेलं. ते सांगताना त्यांचा आवाज अजूनही उतरतो.

याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या 'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद बसवला होता. त्यानंतर कितीतरी पोरं इथे की-बोर्ड घेऊन शिकायला आली. संयोजक त्यांना सहा महिने नुसतं ऐकायला बसवतात. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यात यायचे बंद होतात. टिकलेला एक जण त्या रात्री केबल गुंडाळत होता.

पहाटे साडेपाचला बुवांना अख्खा अभंग ऐकवला. ते डोळे मिटून ऐकत होते. त्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला.

"हा श्वास ठेवलास?"

"ठेवलाय, बुवा."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा एकदा लाव म्हणाले. सुट्टी संपली होती. खाली कुणीतरी शटर उघडलं आणि पहिला माग सुरू झाला.