काळ्या रानातले दुसरे चाक

आखाडा बाळापूरच्या परिसरात पावसाळी रानात फसलेल्या पिकअपचे मागचे एक चाक चिखलात गरगर फिरत राहते आणि जोडीचे चाक घट्ट जमिनीवर असूनही हलत नाही. हळद व ऊस पिकवणाऱ्या या काळ्या जमिनीतील खोळंब्याचा दोष चालकाला दिला जात असला, तरी त्याचे मूळ मागच्या ॲक्सलमधील डिफरन्शियलमध्ये आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी रचना दोघांना जोर मात्र सारखाच देते, आणि घसरते चाक पेलेल तेवढाच जोर घट्ट चाकाच्या वाट्याला येतो.

दुरुस्तीसाठी डिफरन्शियलचे हौसिंग उघडताच गिअर ऑइलमधील गंधकयुक्त द्रव्यांचा उग्र वास सुटतो, जो मिस्त्रीच्या हातांना साबणानंतरही चिकटून राहतो. क्राउन, पिनियन, सन व स्टार गिअर निघतात, धुतले जातात. डिफरन्शियल कोणत्या प्रकारचे आहे याची खरी पारख त्याआधीच होते: गाडी गिअरमध्ये ठेवून मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली आणि त्यातले एक चाक हाताने फिरवले, तर साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरे उलट फिरते, घसरण मर्यादित ठेवणाऱ्या लिमिटेड-स्लिप प्रकारात मात्र घर्षण-तबकड्या शाबूत असतील तर ते चाक सहज फिरत नाही. या तबकड्या झिजतात आणि त्यांना खास मिश्रणाचे तेल लागते.

लॉकिंग प्रकार अधिक निश्चयी आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये १९७३ पासून आलेल्या ईटन कंपनीच्या लॉकरमध्ये दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला, की आतली वजने बाहेर फेकली जाऊन दोन्ही चाके एकत्र बांधली जातात. भारतात २०१५ च्या महिंद्रा थारमध्ये याच कुळातील लॉक आले, म्हणजे या लॉकचा लाभ हौशी वाहनाला मिळाला. शेतमाल वाहणाऱ्या बहुतेक पिकअप साध्याच राहिल्या आणि त्यांच्या चाकांखाली आजही तुराट्या, पऱ्हाट्या घालाव्या लागतात.

ट्रॅक्टरच्या चालकाला मात्र पायाखालचा लॉक दाबून दोन्ही चाके एका गतीने ओढता येतात, फक्त वळण्यापूर्वी पाय उचलावा लागतो. ट्रॅक्टरला जे आवश्यक मानले गेले, ते त्याच रानात जाणाऱ्या पिकअपलाही मिळायला हवे. तोवर जुनी पिकअप घेणाऱ्या शेतकऱ्याने सौद्यापूर्वी मागची दोन्ही चाके उचलून पाहावीत.