माणिकपुरात घर बांधताय? आधी गाडीची जागा दाखवा!

वसई, प्रतिनिधी

कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर आणि चार माड असे माणिकपूरचे जुने चित्र आता सेंट मायकल चर्चच्या मागील काही आळ्यांपुरतेच उरले आहे. वसई रोड स्थानकापासून जवळ असलेल्या या गावात जुने घर पाडून त्याच जागी दोन-तीन मजली इमारत उभारण्याकडे कल वाढला आहे. भावाभावांत वाटणी होते, वास्तुविशारद नेमला जातो, खोल्यांची आखणी होते. मात्र नकाशा पालिकेच्या नगररचना विभागात पोहोचला की एक प्रश्न हमखास उभा राहतो : गाड्या कुठे उभ्या करणार?

हा प्रश्न आजचा नाही. नवघर-माणिकपूर नगर परिषद असताना १९९० ते २०१० या काळात या पट्ट्याचे नियोजन सिडकोच्या हाती होते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली आणि पुढील वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतेक शहरांप्रमाणे येथेही एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई महापालिकेचे क्षेत्र तिच्यातून वगळलेले आहे. त्यामुळे बोरिवली-दहिसरच्या नातेवाइकाने त्याच्या इमारतीसाठी केलेला हिशेब माणिकपूरला जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही.

या नियमावलीनुसार मोटारीसाठी अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, तर दुचाकीसाठी एक मीटर रुंद व दोन मीटर लांब जागा धरली जाते. म्हणजे एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. एक गाडी गुंठ्याचा आठवा हिस्सा अडवते. त्यातही ही मोजणी केवळ गाडी उभी राहण्यापुरती आहे. रस्त्यावरून आत येण्याची वाट आणि वळण्याची जागा त्याव्यतिरिक्त सोडावी लागते. चार मीटरच्या आतील लहान मोटार या चौकटीत सहज बसते. मोठ्या मोटारीची मात्र दारे उघडताना अडचण होते, हे अनेकांना गाडी घरी आणल्यावर कळते.

गाड्या किती, हे कुटुंबाकडे आज किती वाहने आहेत यावर ठरत नाही. सदनिकांची संख्या आणि त्यांचे चटई क्षेत्र यांवर ठरते. ढोबळमानाने ८० ते १५० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या प्रत्येक सदनिकेमागे एक मोटार, तर ४० ते ८० चौरस मीटरच्या दोन सदनिकांमागे एक मोटार असा नियम आहे. दुचाकींची संख्या वेगळी मोजली जाते. पाहुण्यांच्या वाहनांसाठीही काही जागा राखावी लागते आणि शहराच्या वर्गवारीनुसार या आकड्यांना गुणक लागतो. अंतिम आकडा म्हणूनच वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावा.

येथे एक गंमत आहे. समजा, तीन गुंठ्यांच्या जागेवर एकूण २७० चौरस मीटर चटई क्षेत्राची घरे बांधायची आहेत. तीन भावांसाठी ९० चौरस मीटरची तीन घरे काढली, तर गुणक लावण्यापूर्वी तीन मोटारींची जागा लागते. त्याच क्षेत्रात साडेसदुसष्ट मीटरची चार घरे काढली, तर दोनच मोटारींची. घरे वाढली, माणसे वाढली, तरी गाड्यांची सक्ती कमी झाली! कागदावर हे सोयीचे वाटते. मात्र चौथे घर विकत घेणारा गाडी घेऊन आला की ती गल्लीतच उभी राहणार, आणि माणिकपूरच्या आतल्या गल्ल्यांची रुंदी पाहता एक गाडी उभी राहिली की अग्निशमन बंबाला आत शिरणे कठीण होते.

लहान भूखंडावर सर्वाधिक वापरला जाणारा मार्ग म्हणजे स्टिल्ट, अर्थात खांबांवर उभा केलेला मोकळा तळमजला. वाहनतळाची ही जागा चटई क्षेत्र निर्देशांकात धरली जात नाही, त्यामुळे वरचे बांधकाम कमी होत नाही. परंतु खांबांची आखणी आधी गाड्यांप्रमाणे आणि मग खोल्यांप्रमाणे करावी लागते. दोन खांबांच्या मध्यबिंदूंतील अंतर पाच मीटर ठेवले आणि खांब ३० सेंटिमीटरचे असले, तर मोकळी जागा ४.७ मीटर उरते. दोन मोटारींना पाच मीटर हवे असतात. केवळ ३० सेंटिमीटरसाठी नकाशातील एक गाडी बाद होते. पाया घातल्यानंतर ही चूक सुधारता येत नाही, म्हणून बांधकाम सुरू होण्यापूर्वी मालकाने स्वतः फूटपट्टी घेऊन नकाशा तपासावा.

स्टिल्टचा वसईत आणखी एक उपयोग आहे. जुलै २०१८ च्या पुरात तळमजल्यावरील अनेक घरांत पाणी शिरले होते. मोकळा तळमजला असल्यास निदान संसार वाचतो. गाड्या मात्र पाण्यातच राहतात. त्यामुळे मीटर आणि पाण्याचे पंप उंच ओट्यावर बसवावेत. तळघरातील वाहनतळाचा विचार या सखल भागात दहा वेळा करावा.

खरी कसोटी घर बांधून झाल्यावर लागते. भोगवटा प्रमाणपत्र हाती पडताच स्टिल्टला भिंती घालून गाळा किंवा भाड्याची खोली काढण्याचा मोह अनेकांना होतो. मंजूर नकाशाविरुद्ध केलेले हे बांधकाम अनधिकृत ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली ते काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते. अशा गाळ्याचे भाडे चार पैसे देत असेल, पण वरच्या मजल्यावरचे घर विकताना किंवा बँकेचे कर्ज काढताना तोच गाळा आडवा येतो.

घर स्वतःसाठी न बांधता विकासकाकरवी बांधून घेणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्यानुसार स्टिल्टमधील व खुली वाहनतळाची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातही खुला वाहनतळ सामाईक क्षेत्रातच मोडतो. आच्छादित जागा दिली असेल, तर तिची लांबी, रुंदी, उंची आणि नेमके ठिकाण करारात नमूद करावे, असा आदेश महारेराने एप्रिल २०२४ मध्ये काढला. जमीनमालकानेही विकासकाशी करार करताना आपल्या वाट्याच्या घरांबरोबर आपल्या वाट्याच्या गाड्यांची जागा नकाशावर खुणेसह दाखवून घ्यावी.

दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला नव्या नियमावलीने परवान्याच्या फेऱ्यांतून मोकळीक दिली आहे. नकाशा, परवानाधारक तज्ज्ञाचा दाखला आणि विकास शुल्काची पावती सादर करून काम सुरू करता येते. येथेच गैरसमज होतो. सुटते ती परवानगीची प्रतीक्षा, नियम सुटत नाहीत.

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, वाहनतळाचा दाखला असल्याखेरीज नव्या मोटारीची नोंदणी होणार नाही, असे धोरण जाहीर केले. जपानमध्ये अशी पद्धत १९६२ पासून आहे. तेथे घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते. ‘एमएच ४८’ क्रमांकाची नवी गाडी घेताना असा दाखला मागितला गेला, तर पालिकेच्या दफ्तरी असलेला घराचा मंजूर नकाशाच पुढे ठेवावा लागेल. ज्यांनी स्टिल्टमध्ये गाळा काढला आहे, त्यांच्या नकाशात गाडीची जागा आहे आणि त्या जागी दुकान चालू आहे.