बारा मिलिमीटरचा बोल्ट किती वजन उचलेल?

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. नट फिरवून आपण किती भार वर ओढू शकतो, हा पहिला. तेवढा भार त्या बोल्टला पेलवेल का, हा दुसरा. आणि हाच बहुतेक जण विसरतात.

समजा, आडव्या चॅनेलमधून बोल्ट खाली सोडलाय, त्याला भार जोडलाय आणि वरचा नट पान्याने फिरवायचाय. पाना २५० मिलिमीटरचा, हाताचा जोर २० किलो. एका फेऱ्यात हात १५७० मिलिमीटर फिरतो, भार मात्र एका पिचइतका, १.७५ मिलिमीटर चढतो. म्हणजे जोर जवळजवळ ९०० पट, १८ टन! शिकाऊ असताना मी हाच आकडा वहीत लिहून खूश झालो होतो.

प्रत्यक्षात मिळतात दोनच टन. बाकीचं आट्यांमधलं आणि नटाखालचं घर्षण खातं. ठोकताळा असा: जोर गुणिले पान्याची लांबी, भागिले बोल्टच्या व्यासाचा ०.२ हिस्सा. ५००० भागिले २.४, म्हणजे २०८३ किलो. पण घर्षणाला नावं ठेवू नका. पाना काढल्यावर नट उलटा फिरत नाही, तो त्याच्याचमुळे.

आता बोल्टची ताकद. १२ मिलिमीटरच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, पण आट्यांच्या खाचांमुळे हिशेबाला ८४.३च धरायचं. डोक्यावर ४.६ असेल, तर चौरस मिलिमीटरला ४०० न्यूटनवर तो तुटतो आणि त्याच्या ०.६ पट, म्हणजे २४० वर कायमचा ताणला जातो. २४० गुणिले ८४.३, साधारण २०६० किलो. वरचे २०८३ आठवतात ना? पिळाचा ताण तर अजून धरलेलाच नाही. ८.८ चा बोल्ट मात्र साडेपाच टनांपर्यंत ताणला जात नाही.

भार मोकळा असेल तर बोल्टवर त्याचंच वजन येतं. तो कुठे अडकला असेल, तर हाताचा सगळा जोर बोल्टवर. अशा वेळी आट्यांना तेल लावलं की ०.२ चा ०.१५ होतो आणि तोच हात २७८० किलो ओढतो. ४.६ चा बोल्ट गेलाच म्हणायचा.

टांगायच्या कामात मी तुटण्याच्या भाराला पाचाने भागतो. ४.६ ला जेमतेम ६८० किलो उरतात. नट पूर्ण उंचीचा आणि जोडीच्या ग्रेडचाच घेतो. पातळ नटाचे आटे आधी सटकतात. आणि डोक्यावर आकडाच नसलेला बोल्ट उचलायच्या कामाला लावत नाही.