भाजीपाल्याची करारशेती आणि अल्पभूधारक शेतकरी

भाजीपाल्याच्या करारशेतीत लागवडीआधीच तीन गोष्टी ठरतात : वाण कोणते, माल किती आणि दर काय. कंपनी बी, खते, औषधे उधारीवर देते. तिचा फील्डमन शेतावर फेऱ्या मारतो. माल गेला की उधारी वळती होते आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर जमा होते.

या व्यवस्थेत लहान शेतकरी आपोआप सामावला जात नाही. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे 86 टक्के वहितीखाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. शंभर एकरांचा माल हवा असलेल्या कारखान्याला दहा मोठ्या बागायतदारांशी व्यवहार करणे सोपे जाते. तेवढ्याच मालासाठी शंभर जणांकडे गेले तर बियाणे पोचवणे, पाहणी, वजन आणि हिशोब शंभरदा करावा लागतो. त्यामुळे कंपनीला मोकळे सोडले की करार बहुधा विहीर, ठिबक आणि रस्त्यालगतची जमीन असलेल्यांशी होतात.

काही पिके मात्र लहान शेतकऱ्याशिवाय उभीच राहत नाहीत. घर्किन, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवून निर्यात होणारी बारकी काकडी, हे त्याचे ठळक उदाहरण. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तिची करारशेती सुरू झाली आणि पुढे तमिळनाडू, आंध्र प्रदेश व तेलंगणात पसरली. कृषिमाल निर्यातीला चालना देणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने 2022 मध्ये दिलेल्या माहितीनुसार सुमारे 90 हजार लहान व सीमांत शेतकरी 65 हजार एकरांवर हे पीक घेतात. दर शेतकऱ्यामागे पाऊण एकरही भरत नाही. याचे कारण तोडणीत आहे. या काकडीची प्रतवारी किलोत किती नग बसतात त्यावर होते. किलोला 160 किंवा त्याहून जास्त नग भरणारी काकडी चढ्या दराची, तर 25-30 नगांत किलो भरणारी स्वस्त. काकडी तासातासाने फुगते, त्यामुळे सकाळी राहून गेलेले फळ संध्याकाळी खालच्या प्रतीत गेलेले असते. तोडा रोज, कधी दिवसातून दोनदा करावा लागतो. वेलीत वाकून, पाने बाजूला सारून एकेक फळ शोधायचे हे काम रोजंदारीच्या मजुरांकडून मोठ्या रानात करून घेणे परवडत नाही. घरच्या माणसांची, विशेषतः बायकांची, नजर आणि हात इथे कंपनीला हवे असतात.

घर्किनला देशात बाजार जवळजवळ नाही. त्यामुळे शेतकरी माल दुसरीकडे विकेल ही धास्ती कंपनीला नसते. पण याच कारणाने नाकारलेला क्रेट शेतकऱ्याला कुठेही विकता येत नाही. संकलन केंद्रावर प्रतवारीची चाळण ज्याच्या हाती, त्याच्याच हाती त्या दिवसाची मिळकत असते. म्हणून करारातल्या दराइतकीच प्रतवारी शेतकऱ्यासमोर होणे, प्रतनिहाय वजनाची पावती तिथल्या तिथे मिळणे आणि बाद मालाचे कारण त्यावर लिहिलेले असणे ही कलमे महत्त्वाची ठरतात. भागीदारी सर्वसमावेशक आहे की नाही याची खरी परीक्षा शेतकऱ्यांच्या संख्येत नसून कोणती जोखीम कोणाच्या पदरात पडते यात आहे.

टोमॅटोचे गणित उलटे आहे. त्याला बाजार सगळीकडे आहे आणि भाव कमालीचा चंचल. 2023 च्या उन्हाळ्यात नाशिक भागातल्या शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून देण्याची वेळ आली, आणि जुलैत तोच टोमॅटो अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. अशा पिकात ठरलेला एकच दर टिकत नाही. बाजार चढला की शेतकरी माल बाजार समितीत नेतो. कोसळला की कंपनीला अचानक मालात दोष दिसू लागतात. करार दोन्ही बाजूंनी मोडतो, फक्त कंपनीने मोडलेला करार ‘प्रतवारी’ या नावाखाली झाकला जातो.

यावर जळगावच्या पांढऱ्या कांद्यात एक चांगला तोडगा दिसतो. निर्जलीकरणासाठी नेहमीचा लाल कांदा फारसा उपयोगी नाही, कारण त्यात विद्राव्य घन पदार्थ कमी असतात. ते प्रमाण जास्त असलेल्या पांढऱ्या वाणांसाठी जैन इरिगेशनने 2000 नंतर करारशेती उभारली. तिच्या दराचे सूत्र असे : किमान हमी दर आधीच ठरलेला, काढणीच्या वेळी बाजारभाव त्यावर गेला, तर बाजारभावातून थोडी वजावट करून येणारा दर द्यायचा. मंदीची झळ कंपनी सोसते आणि तेजीतला मोठा वाटा शेतकऱ्याकडे जातो. दोन एकरांवर घर चालवणाऱ्याला एका पडत्या हंगामाने सावकाराच्या दारात जावे लागते. त्याच्यासाठी तेजीतल्या कमाल दरापेक्षा हा तळ मोलाचा आहे.

बियाण्याची मालकी हाही वादाचा विषय. 2019 मध्ये पेप्सिकोने वेफर्ससाठीच्या बटाट्याचे आपले संरक्षित वाण लावल्याबद्दल गुजरातमधील शेतकऱ्यांवर दावे लावले आणि त्यांतल्या काहींकडून प्रत्येकी कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर संताप उसळल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात दावे मागे घेतले गेले. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क दिलेला आहे.

एकटा शेतकरी या कलमांवर कंपनीशी वाटाघाट करू शकत नाही. गट करू शकतो. वाय. के. अलघ समितीच्या शिफारशींवरून 2002 मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद झाली. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन ती नोंदवू शकतात आणि तिचे समभाग उत्पादकांनाच घेता येतात. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीची सह्याद्री फार्म्स हे या तरतुदीचे सर्वांत मोठे फळ. विलास शिंदे यांच्या पुढाकाराने द्राक्षनिर्यातीतून सुरू झालेली ही कंपनी पुढे टोमॅटो प्रक्रियेत उतरली आणि हिंदुस्थान युनिलिव्हरच्या ‘किसान’ केचपसारख्या मोठ्या ग्राहकाशी तिचे व्यवहार जुळले. इथे खरेदीदार कंपनीसमोर शेकडो सुटे शेतकरी नसतात, त्यांची संस्था असते. वजनकाटा तिचा आणि प्रतवारीचा पट्टाही तिचाच. उत्तम माल ताजा विकायचा आणि उरलेला प्रक्रियेला वळवायचा, हा निर्णयही तीच घेते. 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे 310 कोटी रुपये घातले, तेही उपकंपनीत. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

कायद्याचा आधार अजून तोकडा आहे. महाराष्ट्रात बाजार समिती कायद्यातील दुरुस्तीने करारशेतीला मान्यता मिळाली. केंद्राच्या 2020 च्या कायद्याने करारातले तंटे प्रांताधिकाऱ्यांकडे सोपवून दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद केला होता. शेतकरी आंदोलनानंतर 2021 मध्ये तो रद्द झाला. पाऊण एकराच्या बाद मालासाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. गावपातळीवर, काही दिवसांत निकाल देणारी आणि शेतकरी गटाचा प्रतिनिधी असलेली तंटा समिती करारातच नेमून ठेवणे हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय.

सगळ्यात बाहेर राहतात ते सातबाऱ्यावर नाव नसलेले. करार होतो खातेदाराशी. वाट्याने कसणारा त्यात येत नाही आणि रोजचा तोडा करणारी बाईही येत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला आणि 1992 मध्ये राज्य शासनाने तशी योजनाही काढली, पण तिचा वेग मंदच राहिला. उत्पादक कंपनीच्या कायद्यात मात्र वाट मोकळी आहे. त्यात ‘उत्पादक’ ठरतो तो शेतीमालाशी निगडित काम करण्यावरून, जमिनीच्या मालकीवरून नव्हे. त्यामुळे वाटेकरी आणि तोडणी करणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या नावाने सभासद होऊ शकतात, आणि हिशोबाची रक्कम त्यांच्या खात्यावर थेट जमा होऊ शकते.