बाळंतिणीचं मन: हळवेपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो?

आजचा विषय आहे पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण या काळातलं स्त्रीचं मानसिक आरोग्य. विषय मोठा आहे, एका व्याख्यानात संपणारा नाही. म्हणून आज आपण मुख्य भर एकाच गोष्टीवर देऊ. बाळंतिणीच्या मनात काही बिघडलं, की आपण 'हळवी झालीय' एवढं म्हणून मोकळे होतो. पण त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या अवस्था असतात. पहिलीत धीर आणि विश्रांती पुरते, दुसरीत उपचार लागतात, आणि तिसरीत त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. हा फरक घरच्यांना ओळखता आला पाहिजे.

सुरुवात पाळीपासून करू. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि पाळीच्या आधी पुन्हा खाली येतं. त्या दिवसांत थोडी चिडचिड, थोडं रडू बऱ्याच जणींना येतं. पण काही थोड्या बायकांना दर महिन्याला आठवडाभर इतकी निराशा येते की कामावर जाणं, घरात बोलणंही कठीण होतं, आणि पाळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत ते ओसरतं. हा मान्यताप्राप्त आजार आहे, त्याला औषधं आहेत. ओळखायचं कसं? सलग दोन महिने रोज वहीत मनःस्थितीची नोंद ठेवायची आणि ती वही डॉक्टरांना दाखवायची. ज्यांना हा त्रास असतो, त्यांनी पुढे बाळंतपणात मनाला जास्त जपावं.

आता गरोदरपण. डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते, आणि गरोदर बाई आनंदातच असणार असं आपण धरून चालतो. आपल्या शेजारच्या गोव्यातला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या गरोदर स्त्रियांचा बाळंतपणानंतरही पाठपुरावा केला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. म्हणजे साधारण चारपाच बायकांमागे एक! आणि या आजारी स्त्रियांपैकी ७८ टक्के जणींना मनाचा लक्षणीय त्रास गरोदरपणातच होत होता. म्हणजे आजाराची चाहूल आधीच लागलेली असते. आपण वजन बघतो, रक्त तपासतो, सोनोग्राफी करतो, पण 'मन कसं आहे?' हे विचारायचं राहून जातं.

आता त्या तीन अवस्थांकडे येऊ.

पहिली अवस्था. वार पडल्यावर शरीरातली संप्रेरकं एकदम खाली येतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी बाईला कारण नसताना रडू येतं, क्षणात हसू, क्षणात राग. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना हे होतं. गंमत बघा, याच सुमाराला आपल्याकडे पाचवी पुजतात. घरात पाहुणे, आणि बाळंतीण मात्र डोळे पुसतेय. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, लक्ष्मी आलीय घरात, रडतेस काय?" तिला उपदेश नको असतो. तिला झोप हवी असते, गरम जेवण हवं असतं, आणि बाळाला तासभर कुणीतरी घ्यायला हवं असतं. हे रडू दोन आठवड्यांच्या आत आपोआप थांबतं.

दुसरी अवस्था म्हणजे नैराश्य. दोन आठवडे उलटले तरी मन उदासच, कशातही गोडी नाही, भूक नाही, आणि 'मी चांगली आई नाही' हा विचार डोक्यातून जात नाही. एक साधी खूण लक्षात ठेवा: बाळ झोपलंय, घर शांत आहे, अंग थकलंय, तरी तिला झोप लागत नाही. काही जणींच्या मनात नको ते विचार येतात, बाळ हातून पडेल, त्याला काही इजा होईल. त्या विचारांनी ती स्वतःच हादरते आणि लाजेने कुणाला सांगत नाही. असे विचार येतात म्हणून ती वाईट आई ठरत नाही. पण तिने ते मोकळेपणाने सांगावेत, आणि ऐकणाऱ्याने दचकू नये. मरणाचे विचार येत असतील, तर मात्र तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.

तिसरी अवस्था विरळा, हजार बाळंतिणींमध्ये एक-दोघींना होणारी. पण ती सगळ्यात धोक्याची. बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते. बाई रात्ररात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, 'हे बाळ माझं नाही, बदललंय' असं म्हणते. आपल्याकडे अशा वेळी 'बाहेरचं झालंय' म्हणून भगताकडे, मांत्रिकाकडे नेतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. हृदयविकाराचा झटका आल्यावर आपण जेवढी घाई करू, तेवढीच घाई इथे करायची. उपचार वेळेवर मिळाले तर या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. तिला किंवा तिच्या जवळच्या नात्यात कुणाला आधी असा आजार झाला असेल, तर ते गरोदरपणातच डॉक्टरांना सांगून ठेवावं.

आता पुन्हा गोव्याच्या अभ्यासाकडे वळू. कुणाला नैराश्य जास्त आलं? जिथे पैशाची ओढाताण होती, नवरा-बायकोचं पटत नव्हतं, आणि जिथे मुलगी झाली होती. म्हणजे सगळं खापर संप्रेरकांवर फोडून चालणार नाही. मुलगी झाल्यावर घरात जी शांतता पसरते, तीही बाईला आजारी पाडते. हे आपल्या हातातलं आहे.

आपल्या परंपरेत बाळंतिणीची काळजी आहेच. पहिलं बाळंतपण माहेरी, तेल लावून अंघोळ, शेक, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. सव्वा महिना तिला कामाला हात लावू देत नाहीत. चांगलंच आहे. पण अडचण अशी, की अनेकींचं नैराश्य त्या सव्वा महिन्याच्या आसपास किंवा त्यानंतर जाणवू लागतं, आणि नेमका तेव्हाच आधार सुटतो. बारसं झालेलं असतं, पाहुणे गेलेले असतात, ती सासरी परतते. शहरातल्या दोन खोल्यांत किंवा परदेशात एकट्याने बाळंतपण काढणाऱ्यांना तर तो सव्वा महिनाही मिळत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की चौकशी वर्षभर चालू ठेवा.

आणि चौकशी करायची कशी? "बरी आहेस ना?" असं विचारलं की उत्तर 'हो' असंच येतं. त्याऐवजी आईने, सासूने, नवऱ्याने जवळ बसून विचारावं, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का गं? शेवटचं मनापासून कधी हसलीस?" १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार झालेली एडिनबरो प्रश्नावली याच धाटणीची आहे. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. असा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उलट बाईला बोलायला वाट मिळते. आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा आठवड्यांत अनेकदा येतात, त्यांच्यापाशीही बोलता येतं.

उपचारांबद्दल थोडक्यात. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, कारण त्यांच्या बिघाडानेही थकवा आणि उदासी येते. सौम्य त्रासात समुपदेशन पुष्कळदा पुरतं. औषधं लागली तरी अंगावरचं दूध तोडावंच लागतं असं नाही, दुधात फार कमी उतरणारी औषधं आहेत. कुठलं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आधीपासून चालू असलेली गोळी मात्र दिवस गेले म्हणून मनाने बंद करू नका. दाखल व्हावं लागलं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ यांच्यासाठी एकत्र कक्षही आहे. आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक लिहून घ्या, १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येतं.

शेवटी एवढंच. बाळ बघायला जाताना आपण झबलं-टोपडं नेतो, बाळाचं नाक कुणावर गेलंय यावर चर्चा करतो. पुढच्या वेळी दहा मिनिटं आईजवळ बसा, आणि आधी तिची विचारपूस करा. आता आपण प्रश्नांकडे वळू.