स्केनेक्टडीहून कालाकुंडपर्यंत : अल्को इंजिनाची गोष्ट

महू-खंडवा रेल्वेचा इतिहास सांगताना आपण इंदूरकर दोन ठिकाणी रमतो. एक म्हणजे दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने दिलेले एक कोटी रुपयांचे कर्ज, आणि दुसरे म्हणजे घाटातली वाफेची इंजिने. पुढे डिझेल आले, की आपली कथा संपते. कळकट, धूर ओकणारी कालपरवाची वस्तू, तिचा कसला इतिहास!

मला हे पटत नाही. माझी नोकरीची उमेदीची वर्षे डिझेल इंजिनांच्या सोबतीत गेली, तेव्हा थोडा पक्षपात धरा हवा तर. पण घाटात अनेक वर्षे राबलेले वायडीएम-4 हे इंजिन ज्या अमेरिकन घराण्यातले आहे, त्याची हकीकत कर्जाच्या गोष्टीइतकीच ऐकण्यासारखी आहे.

आधी नाव उलगडू. वाय म्हणजे मीटरगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिश्र, अर्थात प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्ही ओढणारे. मूळ आराखडा अल्कोचा, म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीचा. 1901 मध्ये अनेक कारखाने एकत्र येऊन ही कंपनी झाली. तिचे मुख्य ठाणे न्यूयॉर्क राज्यातले स्केनेक्टडी गाव. युनियन पॅसिफिक रेल्वेची ती प्रसिद्ध अजस्र 'बिग बॉय' वाफेची इंजिने इथलीच.

1941 मध्ये अल्कोने आरएस-1 नावाचे डिझेल इंजिन काढले. एका बाजूला लांब हूड, दुसऱ्या बाजूला आखूड हूड, मध्ये ड्रायव्हरची केबिन आणि दोन्ही कडांनी चालायला अरुंद वाट. यार्डात डबे जुळवा किंवा लांबच्या मार्गावर गाडी ओढा, दोन्ही कामे होतात. फिटरला बाहेर उभे राहून झाकणे उघडता येतात, ही सोय वेगळीच. आपल्याकडचे वायडीएम-4 डोळ्यांसमोर आणा, तोच साचा दिसेल.

मग युद्ध आले. कोणत्या कारखान्याने काय बनवायचे हे अमेरिकन सरकार ठरवू लागले. लांब पल्ल्याची मालगाडीची डिझेल इंजिने जनरल मोटर्सच्या वाट्याला गेली. अल्कोकडे मुख्यतः यार्डातली डिझेल आणि वाफेची इंजिने राहिली. युद्ध संपताच सगळ्या रेल्वे कंपन्या डिझेलच्या मागे लागल्या, तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या गाठीशी अनुभव होता. मागे पडू नये म्हणून अल्कोने 244 नावाचे नवे इंजिन घाईने बाजारात आणले. क्रँकशाफ्ट आणि टर्बो यांचा त्रास सुरू झाला आणि कंपनीचे नाव खराब झाले.

ती चूक सुधारण्यासाठी जे इंजिन तयार झाले तेच 251. 1950 च्या दशकाच्या मध्यात ते रेल्वे इंजिनांत बसू लागले. फोर स्ट्रोक, टर्बो लावलेले. सिलिंडरचा व्यास 9 इंच, पिस्टनची धाव साडेदहा इंच. म्हणजे एकेका सिलिंडरचे घनफळ साधारण 11 लिटर! खरी खुबी अशी की, याच मापाचे सहा सिलिंडर एका ओळीत लावले की मीटरगेजचे इंजिन होते आणि सोळा सिलिंडर इंग्रजी व्ही आकारात लावले की ब्रॉडगेजचे 2,600 अश्वशक्तीचे. पिस्टनपासून वॉल्व्हपर्यंतच्या कामाची समज दोन्हीकडे सारखीच लागते. नासाची चंद्रावर जाणारी रॉकेटे उड्डाणाच्या जागी वाहून नेणाऱ्या अवाढव्य क्रॉलर गाड्यांतही याच जातीची सोळा सिलिंडरची इंजिने बसवली होती.

आता धुराचे. टर्बो फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर. ड्रायव्हरने नॉच वाढवला की इंधन लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी पडते, इंधन अर्धवट जळते आणि काळा लोट उठतो. टर्बोने वेग घेतला की धूर विरतो. इंजिन बिघडले असेच दर वेळी समजायचे कारण नाही.

251 चांगले निघाले, पण अल्कोला उशीर झाला होता. त्यातच विजेची यंत्रे पुरवणारी तिची जुनी भागीदार, जनरल इलेक्ट्रिक, स्वतःच रेल्वे इंजिने विकू लागली. तिचा प्रचंड कारखाना त्याच स्केनेक्टडी गावात! 1969 मध्ये अल्कोने रेल्वे इंजिने बनवणे बंद केले.

पण त्याआधीच नकाशे भारतात पोचले होते. 1957 पासून अल्कोची शंभर डब्ल्यूडीएम-1 इंजिने आपल्याकडे आली. 1962 मध्ये अल्को आणि जनरल मोटर्स अशा दोघांचीही ब्रॉडगेज इंजिने मागवली गेली. जनरल मोटर्सचे इंजिन काही कमी नव्हते. निर्णायक मुद्दा दुसराच होता : अल्को आपले तंत्रज्ञान द्यायला तयार होती. वाराणसीला डिझेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला, जानेवारी 1964 मध्ये तिथून पहिले डब्ल्यूडीएम-2 बाहेर पडले आणि 1968 पासून वायडीएम-4 सुद्धा तिथेच बनू लागले. डब्ल्यूडीएम-2 पुढे अडीच हजारांहून अधिक झाली. मूळ कंपनी बंद पडल्यावर सुट्या भागांसाठी हात पसरावे लागले असते, ती वेळ आली नाही. उलट याच 251 ची ताकद वाढवून 3,300 अश्वशक्तीपर्यंत नेली गेली.

आपल्या घाटात याचा उपयोग काय झाला तेही पाहू. कालाकुंड ते पातालपानी चढ 40 ला 1. म्हणजे 300 टनांची गाडी नुसती मागे घसरू न देण्यासाठी साडेसात टनांचा ओढा लागतो, घर्षण वेगळे. अशा चढावर चाके घसरू नयेत म्हणून इंजिन जड हवे, पण मीटरगेजचे रूळ हलके, फार भार सोसत नाहीत. वायडीएम-4 चे वजन साधारण 72 टन, ते सहा आसांवर वाटले की एका आसावर 12 टन. डिझेल इंजिन जनरेटर फिरवते आणि जनरेटरची वीज प्रत्येक आसावरच्या मोटरला मिळते, म्हणून सगळे वजन ओढण्याच्या कामी येते.

गंमत बघा. अमेरिकेत अल्कोला ज्यांनी हरवले ते दोघेही पुढे भारतात आले. जनरल मोटर्सचा आराखडा 1990 च्या दशकातल्या कराराने वाराणसीला पोचला आणि जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना बिहारात मढौरा येथे झाला. मधली तीसेक वर्षे मात्र देशाच्या डिझेल गाड्यांचा मुख्य भार, घरच्या बाजारात हरलेल्या अल्कोच्या इंजिनानेच वाहिला. माझ्या मते याचे श्रेय यंत्राइतकेच ते यंत्र स्वतः बनवायला आणि दुरुस्त करायला शिकलेल्या आपल्या कामगारांना आहे.

डिसेंबर 2018 पासून पातालपानी-कालाकुंड वारसा गाडी सुरू झाली, तीही वायडीएम-4 च ओढते. यंत्र त्या निमित्ताने पाहायला मिळते. त्यामागची माणसे मात्र कुठल्याच कागदावर नाहीत. होळकरांच्या कर्जाचे दस्तऐवज दप्तरात सुरक्षित आहेत. घाटात इंजिन चालवणाऱ्या ड्रायव्हरची वही, शेडमधल्या फिटरने हाताने काढलेला तक्ता रद्दीत जातो. इंदूर, महू, रतलामच्या घरांत असे काही शिल्लक असेल, किंवा कुणी निवृत्त आजोबा बोलायला राजी असतील, तर मंडळाला जरूर कळवा. वही परत मिळेल, आम्हाला फक्त तिची छायाप्रत हवी.